साखळीचं दुसरं टोक

ओटावा
१६ जानेवारी १९७७

ती. पान्कोकाकांस,
स्लावकाचा शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारी बसच्या पार्सल-खिडकीवरून तुमचा बिस्किटांचा डबा सोडवून आणला. वजन सहा किलो. आत वरच्या बाजूला तेक्लाकाकूने पाठवलेला खसखशीचा रोल होता, खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली लोखंडी साखळी, आणि साखळीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर एकच शब्द आहे: मोज.

रोलला यंत्रतेलाचा वास लागला होता. बाहेरचा थर काढून टाकला आणि उरलेला दोन दिवसांत संपवला. काकूला यातला फक्त शेवटचा भाग सांगावा.

साखळी मी ओळखली. बायसन फुटबॉल संघाच्या सामन्यात मैदानाच्या कडेला तुम्ही आणि ऑर्विलकाका दोन काठ्या धरून उभे राहता, त्या काठ्यांमधली ही साखळी आहे. ती तुमच्या मालकीची नाही, क्लबची आहे, असा माझा समज आहे. मग ती माझ्या टेबलावर कशी आली?

लांबी मोजणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून तुम्हाला मी आठवले असेन. पण नुसतं ‘मोज’ एवढ्याने भागत नाही. कशासाठी मोजायची, किती थंडीत, किती ताणून, आणि उत्तर कुणाला हवं आहे, हे कळल्याशिवाय प्रयोगशाळेत आम्ही टेपलाही हात लावत नाही. ही चार उत्तरं पाठवावीत.

माझी तब्येत ठीक आहे. नवी खोली जुन्या खोलीपेक्षा गरम आहे.

काकूला नमस्कार. माझ्यावरचा लोभ आहे तितकाच ठेवावा.

आपली,
स्लावका


फोर्ट ब्रॅडन, सस्कॅचवान
२५ जानेवारी १९७७

चि. स्लावका हिस,
पान्कोकाकाचे अनेक आशीर्वाद.

मुली, तू पत्र लिहितेस की पंचनामा करतेस? रोल किती दिवसांत संपला ते कळलं, गोड लागला का ते लिहायला विसरलीस. काकूने दोनदा विचारलं.

इकडे थंडी भयंकर आहे. किती ते सांगता येत नाही, कारण रेडिओवाले आता सेल्सियसमध्ये बोलतात आणि मला कुडकुडायचं की नाही तेच समजत नाही. नाताळ सात जानेवारीला आपल्या जुन्या युक्रेनी रीतीप्रमाणे झाला. बारा पदार्थ झाले. फक्त ऑर्विलची खुर्ची रिकामी होती. बावीस वर्षांत हा लूथरवाला नॉर्वेजियन आपल्या नाताळाला एकदाही चुकला नव्हता, पंचवीस डिसेंबरच्या त्याच्या स्वतःच्या नाताळाला झोपून राहायचा तरी.

आता तुझी चार उत्तरं. लहानपणी तू स्टँडमध्ये बसूनसुद्धा पुस्तकात डोकं घालायचीस, म्हणून पहिल्यापासून सांगतो. आपल्या कॅनेडियन फुटबॉलमध्ये, म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन धावायच्या खेळात, तीन प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा तीन प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. सीमेपलीकडे अमेरिकेत चार प्रयत्न देतात, लाडावलेली लेकरं ती. पंचाला नुसत्या डोळ्यांनी ठरवता आलं नाही की तो आम्हाला आत बोलावतो. मी मागची काठी खुणेवर रोवतो, ऑर्विल पुढची काठी घेऊन साखळी ताणतो, आणि चेंडूचं नाक काठीपर्यंत पोचलं की नाही ते सगळं शहर श्वास धरून बघतं.

गेल्या मोसमात आपण पहिले सहा सामने हरलो. लोक तिकिटं फुकट वाटायचे आणि घेणारा तोंड चुकवायचा. मग काय झालं कुणास ठाऊक, शेवटचे आठ सामने ओळीने जिंकलो. नोव्हेंबरात पश्चिमेचा अंतिम सामना आपल्या मैदानावर आला, समोर अल्बर्टाकर. दोन मिनिटं उरलेली, आपण एका गुणाने मागे. तोही गुण कसला, त्यांची लाथ चुकली, चेंडू आपल्या मागच्या हद्दीतून बाहेर गेला आणि नियमाने त्यांना एक गुण मिळाला! आपला तिसरा प्रयत्न, अर्धा यार्ड हवा. पोरांचा ढीग झाला. ढीग उठला तेव्हा पंचाने आम्हाला बोलावलं.

माझ्या करंगळीच्या नखाएवढं कमी पडलं, स्लावका. तेवढंच. चेंडू त्यांना गेला आणि मोसम संपला.

स्टँडखालच्या आमच्या खोलीत आल्यावर मी ऑर्विलला एवढंच म्हणालो की बैलासारखा इतका ताणायला तुला सांगितलं कुणी. क्लबची चारपाच माणसं होती तिथे. त्याने हातमोजे काढले, एकावर एक ठेवले आणि गेला. दुसऱ्या दिवशी क्लबला चिठ्ठी, की पुढच्या मोसमात मला धरू नका. तेव्हापासून बुधवारी आमच्याकडे बिटाचं बोर्श्त प्यायला आणि पत्ते खेळायला येत नाही.

तर हे मोज. लोखंड ओढलं की वाढतं, रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं घालवली आहेत मी, मला शिकवू नको. तो सहा फूट तीन इंच. त्याने जीव लावून ओढल्यावर ही साखळी किती वाढते ते सरकारी कागदावर लिहून दे. तो कागद मी त्याच्यापुढे ठेवतो. पंधरा एप्रिलपर्यंत क्लबला दोन नावं द्यायची आहेत. नाही दिली तर काठ्या कॉलेजच्या दोन मुलांना जातील. मैदानाचा किल्लीवाला माझ्या ओळखीचा आहे, त्याने साखळी आपणहून दिली. चोरलेली नाही.

उत्तर मला हवं आहे. बाकी कुणाला नको.

काकूचे आशीर्वाद. पत्र लवकर पाठव आणि थोडं लांब लिही, टपालाचा खर्च तोच पडतो.

तुझा,
पान्कोकाका


ओटावा
६ फेब्रुवारी १९७७

ती. पान्कोकाकांस,
स्लावकाचा शि. सा. न. वि. वि.

रोल गोड होता.

आमच्या विभागप्रमुखांची परवानगी घेतली. शनिवारी लांब टेबल रिकामं असतं, त्या दिवशी मोजायला त्यांची हरकत नाही. ते मूळचे हॅमिल्टनचे, म्हणजे विरोधी संघाच्या गावचे, त्यामुळे साखळी कुठली ते ऐकल्यावर ते बराच वेळ हसले आणि मग शनिवारी तेही येणार असल्याचं म्हणाले.

मात्र साखळीवरून दहा यार्ड कळत नाहीत. तुम्ही मोजता ते अंतर काठीपासून काठीपर्यंतचं असतं, त्यात दोन्हीकडच्या कड्या आणि काठ्यांची जाडी येते. दोन्ही काठ्या पाठवाव्या लागतील. वर्तमानपत्रात त्या क्षणाचा फोटो आला असेल तर त्याची मूळ प्रत मिळवावी, कात्रण नको. काठीची जाडी मला ठाऊक असली की फोटोतली चेंडूपासून काठीपर्यंतची फट काढता येते. त्या दिवशी किती थंडी होती तेही कळवावं. फॅरेनहाइटमध्ये चालेल.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

एका टोकापासून एकेचाळिसावी कडी बाकीच्यांपेक्षा नवी आहे. धातू वेगळा आहे, सांधा वेल्डिंगचा आहे आणि तो जाणत्या हाताने केलेला आहे. ती कधी बसवली आणि कुणी?

दुसरं. सैल साखळीने पुढची काठी जवळ पडते, ताठ साखळीने योग्य जागी पडते. ऑर्विलकाकांनी ताणली ही तुमची तक्रार आहे. याचा अर्थ त्यांनी ती थोडी सैल ठेवायला हवी होती, असा घ्यायचा का? मी आरोप करत नाही. मला समजून घ्यायचं आहे.

लांब लिहिलं आहे. काकूला नमस्कार सांगावा, आणि रागावला असलात तर ते पुढच्या पत्रात उतरवावं.

आपली,
स्लावका


फोर्ट ब्रॅडन
१५ फेब्रुवारी १९७७

चि. स्लावका हिस, आशीर्वाद.

रागावलो आहे. उतरवतो.

मी काय चोर आहे? मी त्याला ‘इतका ताणू नको’ या अर्थाने बोललो. ‘सैल सोड’ असं म्हणालो नाही. या दोहोंत फरक आहे. कुठे आहे तो शोधायला मला दोन दिवस लागले आणि अजून सापडलेला नाही, पण आहे.

काठ्या बसने पाठवल्या आहेत. ड्रायव्हरने विचारलं, पडद्याच्या दांड्या का? मी म्हणालो, हो बाबा, राजवाड्याच्या. फोटो मिळवायला वर्तमानपत्राच्या कचेरीत दोन खेपा घातल्या. तिथली बाई म्हणाली, आजोबा, हा बघून आणखी त्रास कशाला करून घेता? फोटोत पंच वाकलेला आहे, मी आणि ऑर्विल दोन टोकांना, आणि मागे सगळ्या शहराचं तोंड उघडं. थंडी उणे चार फॅरेनहाइट.

कडीचं काय घेऊन बसलीस? साखळी म्हटलं की कड्या आल्याच.

शनिवारी सहकारी दुकानात ऑर्विल दिसला. कांद्यांपाशी. मीही कांद्यांपाशीच गेलो होतो. दोघांनी बराच वेळ कांदे पाहिले. त्याने दोन उचलले, मी तीन, आणि आपापल्या वाटेने निघालो. तुझी काकू म्हणते, एवढं वय झालं आणि दोघांचं मिळून पाच कांद्यांएवढंही डोकं नाही.

तुझ्या त्या हॅमिल्टनवाल्याला सांग, हसायचं कारण नाही. त्यांचा संघ काय दिवे लावतो ते आम्हाला माहीत आहे.

माझं म्हणणं पुन्हा सांगतो. तो किती ओढतो एवढंच मोज. बाकीचं राहू दे.

मायेला उणं पडणार नाही, बोलण्यात पडलं असेल तर पोटात घाल.

पान्कोकाका


ओटावा
२७ फेब्रुवारी १९७७

ती. तेक्लाकाकूस,
स्लावकाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या नावावर आहे आणि तुझ्यासाठीच आहे.

काल साखळी मोजली. वीस अंश सेल्सियसला, दोन्ही काठ्या लावून, पाच वेळा. काठीपासून काठीपर्यंत ९.१५० मीटर भरतात. दहा यार्ड म्हणजे ९.१४४ मीटर. साखळी सहा मिलिमीटरने लांब आहे, म्हणजे एका पेन्सिलीच्या जाडीपेक्षा थोडं कमी.

सहा मिलिमीटरपेक्षा मला ९.१५० मधलं ते शेवटचं शून्य जास्त खटकतं. जुनी साखळी झिजून वाढते तेव्हा आकडा कसाही वेडावाकडा येतो. इतका गोल आकडा कुणीतरी ठरवून आणलेला असतो, आणि तोही मीटरची टेप लावून. काका इंचाशिवाय दुसरं काही मोजत नाहीत. निदान माझ्या माहितीत तरी.

एकेचाळिसाव्या कडीबद्दल काकांनी उत्तर टाळलं. तुला ठाऊक असेल तर लिही. नसेल लिहायचं तर मी पुन्हा विचारणार नाही.

तुझ्या गुडघ्याची चौकशी करायची राहून जाते. कसा आहे? आशीर्वाद असू दे.

तुझी,
स्लावका


फोर्ट ब्रॅडन
६ मार्च १९७७

चि. स्लावका हिस,
तेक्लाकाकूचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पिठाच्या डब्यात ठेवलं आहे. तिथे तो कधी हात घालत नाही. गुडघा बर्फ पडायच्या आदल्या दिवशी सांगतो, बाकी गप्प असतो. घरातल्या दुसऱ्या माणसापेक्षा बरा.

सांगते. ऑक्टोबरात ऑन्टारिओवाल्यांशी सामना होता. त्यांचा एक रेड्यासारखा गडी बाहेर फेकला गेला तो थेट साखळीवर, आणि साखळी तुटली. क्लबवाले म्हणाले, नवी मागवू. तुझा काका म्हणाला, मी जिवंत असताना? मंगळवारी गॅरेजमध्ये शेगडी पेटवली, आपल्या कोंबड्यांच्या फाटकाच्या साखळीतली एक कडी कापली आणि दुपारभर बसून जोडकाम केलं. फाटक तेव्हापासून सुतळीने बांधलेलं आहे आणि कोंबड्यांना ते कळलेलं आहे.

ऑर्विलला यातलं काही सांगितलं नाही. तो त्या आठवड्यात बहिणीकडे गेला होता. आल्यावर सांगीन म्हणत म्हणत राहून गेलं. मग तो सामना झाला. आता मला तरी असं दिसतं, की पान्को ऑर्विलवर ओरडला तो कडीला भिऊन. चूक आपल्या हातची असेल हे त्याला तेव्हाच वाटलं असणार. ऑर्विलने ओढली असं तू लिहून दिलंस की तो सुटला. पण तोंड असं करून फिरतो, की सुटका व्हावी असं त्यालाच वाटत नसावं. बुधवारी दोन वाट्या मांडतो आणि एक परत फडताळात ठेवतो. मी बघत नाही असं दाखवते.

टेपचं म्हणशील तर जुनीचा पहिला फूट पुसून गेला आहे, म्हणून तू गेल्याच्या गेल्या नाताळात पाठवलेली ती पिवळी नवी टेप काढली. बाई, ती त्याला इतकी आवडली! पुतणीने सरकारातून पाठवली म्हणून शेजारी दाखवून आला. तिच्यावर नुसते मीटर आहेत, पण तू बरोबर कार्ड पाठवलं होतंस ना, ते त्याने कामाच्या टेबलावर भिंतीला खिळ्याने ठोकलं आहे, देवाच्या तसबिरीशेजारी. आत्ताच जाऊन पाहून आले. तुझं अक्षर किती नीट आहे! उतरवून देते: ‘१ इंच = २.५४ सेंमी. १ यार्ड = ०.९१ मीटर. १० यार्ड = ९.१५ मीटर. एवढं तुम्हाला मोसमभर पुरेल, काका.’

तर मीटर कुठून आले ते तुला कळलं. तुझंच शिकवणं, वाया गेलं नाही.

जेवतेस ना? माया आटू देऊ नको, आणि हे पत्र मिळाल्याचं त्याच्या पत्रात लिहू नको.

तेक्लाकाकू


ओटावा
१३ मार्च १९७७

ती. पान्कोकाकांस,
स्लावकाचा शि. सा. न. वि. वि.

मोजणी पूर्ण झाली. याच पत्राची प्रत आजच श्री. ऑर्विल त्वेट यांना पाठवली आहे. उत्तर फक्त तुम्हाला हवं होतं, हे माझ्या लक्षात आहे. पण साखळीला दोन टोकं आहेत आणि निकाल दोघांचा आहे, म्हणून मी तुमची सूचना पाळली नाही.

आधी तुम्ही जे विचारलं त्याबद्दल. साखळी पाच किलोच्या ताणापासून चाळीस किलोपर्यंत ओढून पाहिली. ती दीड मिलिमीटर वाढली. चाळीस किलोच्या पुढे माणसाने काठी हातात धरून ओढणं अवघड आहे, सहा फूट तीन इंचांच्या माणसानेसुद्धा. एकदा ढील गेली की ऑर्विलकाकांच्या ताकदीने विशेष फरक पडत नाही. सरकारी कागद सोबत जोडला आहे.

साखळी सहा मिलिमीटर लांब आहे. ऑक्टोबरात बसवलेल्या कडीमुळे नाही. कडी चांगली बसली आहे, हे मी आधी लिहिलं होतं आणि आताही लिहिते. लांबी चुकली ती दिलेल्या आकड्यामुळे. दहा यार्ड म्हणजे ९.१५ मीटर असं एका कार्डावर लिहिलेलं होतं आणि तुम्ही ते बरोबर पाळलं. कार्ड माझं आहे. ९.१४४ लिहायला एक अंक जास्त लागला असता, म्हणून लक्षात ठेवायला सोपा असा ९.१५ मी लिहिला; दोनच दशांश घ्यायचे तरी तो ९.१४ हवा होता. तीन दशांश तुम्हाला कटकटीचे वाटतील असं मी तेव्हा धरून चालले. तुम्ही रेल्वेच्या चाकांचं काम इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत करत होता, हे मला ठाऊक होतं आणि तरीही तसं धरून चालले. कार्ड कसं कळलं ते विचारू नये.

आता त्या दिवशी काय झालं ते. कडी गरम गॅरेजमध्ये बसली आणि सामना उणे वीस सेल्सियसला झाला. एवढ्या फरकाने ही साखळी चार मिलिमीटर आखडते. म्हणजे माझ्या सहांतले चार थंडीने परत घेतले. मैदानावर ती दोन मिलिमीटर लांब होती. फोटोतली फट अकरा मिलिमीटर निघते, दोनतीन इकडे-तिकडे. तुमच्या करंगळीचं नख कधी मोजलेलं नाही, पण अंदाज चांगला होता.

अकरातून दोन वजा केले तरी चेंडू कमीच पडतो. थंडी विचारात घेतली नाही आणि सगळे सहाच्या सहा वजा केले, तरी कमीच पडतो. साखळी अचूक असती तरी मोसम तिथेच संपला असता. तो तुम्ही हरवलेला नाही. मीही नाही, पण माझ्या चुकीने निकाल बदलला नाही हे निव्वळ नशीब, आणि त्याचं श्रेय मी घेणार नाही. पंच चेंडूची जागा बुटाच्या टोकाने ठरवतो, हे आमच्या प्रमुखांनी मध्येच लक्षात आणून दिलं. तिथे हातभर चूक झाली तरी कुणी साखळी मागवत नाही.

शेवटचं मोजलेलं नाही, म्हणून कागदावर नाही, पत्रात लिहिते. त्या दिवशी ऑर्विलकाका आपल्याच गावासाठी एक बोटभर ढील ठेवू शकत होते. बोटभर ढिलीने काम झालं असतं. बर्फात, ढिगापाशी, कुणाला दिसलंही नसतं. गावच्या धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर त्यांनी तीस वर्षं काढली आणि बाबा म्हणायचे, की त्या काट्याशी भांडायला एकही शेतकरी कधी गेला नाही. त्यांनी साखळी ताठ ओढली. दुसऱ्या टोकाला काठी तुम्ही घट्ट धरली होती, हे फोटोत दिसतं. तुम्हालाही ती अर्धा इंच मागे कलंडवता आली असती.

साखळी मी दुरुस्त केलेली नाही. ती ९.१४४ वर आणायला दोन माणसं लागतात. साखळी आणि मागची काठी तुमच्याकडे निघाली आहे. पुढची काठी आणि मिलिमीटरची नवी टेप ऑर्विलकाकांच्या पत्त्यावर गेली आहे, कारण काठी त्यांची आहे. पंधरा एप्रिलला अजून तेहतीस दिवस आहेत.

कार्ड भिंतीवरून काढावं.

चुकीसकट सांभाळून घ्यावं, एवढीच विनंती.

आपली,
स्लावका


फोर्ट ब्रॅडन
१७ एप्रिल १९७७

चि. स्लावका हिस,
पान्कोकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा चष्मा लावून. तिसऱ्यांदा काकूला वाचून दाखवलं तर ती मध्येच उठून पिठाच्या डब्याशी जाऊन उभी राहिली. कार्ड कसं कळलं ते मी विचारत नाही.

मग मी त्याची वाट पाहिली. टेप त्याच्याकडे, काठी त्याच्याकडे, म्हणजे यायचं त्याने, असा माझा हिशेब. त्याचा हिशेब असा की साखळी माझ्याकडे आणि तोंडही माझंच सुटलं होतं, तेव्हा यायचं मी. तीन आठवडे असे गेले. काकूने बोर्श्त करणं बंद केलं. म्हणाली, बीट संपले. तळघरात पोतंभर बीट होते, मी डोळ्यांनी पाहिले.

यंदा आपला आणि त्या लूथरवाल्यांचा ईस्टर एकाच रविवारी आला. असं क्वचित होतं. काकूने चर्चमधून आशीर्वाद घेतलेली पावाची टोपली माझ्या हातात दिली आणि सांगितलं, ही ऑर्विलची. मी म्हणालो, गुडघा? ती म्हणाली, गुडघा माझा दुखतो, तुझा नाही. सोमवारी गेलो नाही, मंगळवारी गेलो नाही. बुधवारी गेलो. साखळी त्याच बिस्किटांच्या डब्यात घेतली होती, पाव वेगळा ठेवला. तेवढं शिकलो.

त्याने दार उघडलं तर त्याच्या मागे कोपऱ्यात काठी उभी. टेबलावर तुझ्या पत्राची प्रत पसरलेली, आणि कडेने शिसपेन्सिलीने सगळे गुणाकार पुन्हा करून पाहिलेले. तुझं एक उत्तर बरोबर आहे पण त्यातला सहाचा आकडा पाचासारखा दिसतो, अशी त्याची तक्रार आहे आणि ती मी तुला कळवावी असं म्हणाला. नोव्हेंबरनंतरचं त्याचं माझ्याशी पहिलं बोलणं हे.

मी कडीचं सांगितलं. तुझ्या पत्रातून कळलेलंच होतं, तरी तोंडाने सांगितलं. तो म्हणाला, कडी चांगली बसवलीस. मग मी त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल काहीतरी सुरू केलं. ते कुठे जात होतं ते मलाच कळेना. त्याने टोपी घातली आणि म्हणाला, उजेड आहे तोवर बाहेर चल.

अंगणातला बर्फ निम्मा गेलाय. तू विचारशीलच म्हणून लिहितो, पाच अंश होते, सेल्सियस. एक कडी शेगडीत लाल करून ठोकून आखूड केली, दोनदा जास्त ठोकली, परत उघडली. मग मी मागची काठी रोवली आणि तो पुढची घेऊन चालत गेला, खाली बघत, नेहमी जातो तसा. टेप जमिनीवर पसरलेली. मला खाली वाकून आकडा वाचता येत नव्हता, तेव्हा त्याच्या शेजारची विधवा बाई कुंपणावरून आली आणि तिने वाचला. नऊ पॉइंट एक चार पाच, म्हणाली. मी त्याला ओरडून म्हणालो, ताण, बैला. तो म्हणाला, ताणतोय. मी म्हणालो, आणखी ताण. तो म्हणाला, ढील संपली की पुढे फक्त दीड मिलिमीटर मिळतो, वाचलं नाहीस का?

एक ठोका आणखी दिला. नऊ पॉइंट एक चार चार.

दोन्ही नावं चौदा तारखेला क्लबला पोचली. पहिला सामना जुलैत, पुन्हा अल्बर्टाकर. तुझ्या त्या हॅमिल्टनवाल्याला यायचं असेल तर घेऊन ये, कडेला उभं करू, मात्र तोंड बंद ठेवायचं. काल बुधवार नव्हता तरी ऑर्विल आला. काकूला अचानक बीट सापडले.

कार्ड मी काढलेलं नाही. ‘९.१५’ खोडून त्याच्यावर बरोबर आकडा लिहिलाय, तुझ्याइतक्या नीट अक्षरात नाही. खाली ऑर्विलने आपली सही केली आहे, तपासलं म्हणून. तुझ्या सहीला जागा ठेवली आहे. टपालाने नको, स्वतः येऊन कर.

तोवर आमच्यावर माया असू दे, आणि ती मोजत बसू नको.

तुझा,
पान्कोकाका